निवाडा कोणाचा?

विधवेचे लग्न, मिशनमधला चहा, तळ्याचे पाणी, दिवाळी अंकातली एक कथा, रंगमंचावरचा नाना फडणवीस, विद्यापीठाचे नाव. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्र ज्यांवरून भांडला, त्या विषयांची ही अपुरी यादी. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण प्रत्येक भांडणाच्या तळाशी गेले की एकच सवाल हाती लागतो : हे ठरवायचे कोणी? वादाचा विषय लोक दोन-तीन पिढ्यांत विसरतात. हा सवाल मात्र दर वेळी नव्या वेषात पुढे येतो.

धर्मपीठ की न्यायपीठ?

विधवाविवाहाला १८५६ मध्येच कायद्याची मान्यता मिळाली होती. तरीही १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या मंडळींनी मुंबईत असा एक विवाह लावला तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने पंच नेमून शास्त्रार्थ झाला. श्रुती-स्मृतींचा कीस पडला आणि बहुमताचा कौल पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. कायदा हो म्हणत होता, शास्त्र नाही म्हणत होते, आणि जिचे लग्न व्हायचे तिला कोणी विचारलेच नव्हते. विष्णुशास्त्र्यांनी निकाल गुंडाळून ठेवला आणि १८७४ मध्ये स्वतः एका विधवेशी विवाह केला. धोंडो केशव कर्व्यांचा पुनर्विवाह झाला १८९३ मध्ये, आणि त्यांनाही बहिष्कार चुकला नाही. म्हणजे सरकारी कायद्याला चार दशके होत आली तरी गावाचा कायदा जुनाच होता.

रखमाबाईंच्या खटल्यात प्रथमच ‘जिचे आहे ती’ बोलली. बालपणी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे म्हणून त्यांनी नांदायला जायचे नाकारले. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. मधल्या काळात त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली होती. शेवटी १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. न्यायालयाने प्रश्न सोडवला नाही. पण त्या निमित्ताने तो वर्तमानपत्रांत आला, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत तो धुमसत राहिला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करावे, एवढाच त्या विधेयकाचा गाभा. टिळकांचा आक्षेप होता तो परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करण्याला. आगरकरांचे म्हणणे असे की समाज स्वतःहून सुधारत नसेल तर कायद्याला हात घालावाच लागेल. इथेही मूळ तंटा अधिकाराचाच.

चहाचा पेला

याच काळातले पंचहौद मिशनचे प्रकरण आज विनोदी वाटते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे फिरली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हातात धरला. निमंत्रितांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गाव पेटले. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली आणि प्रायश्चित्ते ठरली. आपण काशीत प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारक हिरमुसले. एकमेकांचे वैचारिक विरोधक असलेले दोघेही एकाच पीठासमोर उभे राहिले, ही या प्रकरणातली खरी गोम. वर्तमानपत्राच्या छापील यादीने केवढे काहूर माजवता येते, हेही पुण्याला तेव्हाच कळले.

त्या पिढीची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत सनातन्यांची मजल गेली होती, आणि टिळक-आगरकरांचे तर पराकोटीचे बिनसले होते. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

पाणी आणि पुरावा

महाडला वादाची जातच बदलली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सगळे ठीक होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर शेण-गोमूत्राने तळ्याची ‘शुद्धी’ही झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच स्पृश्यांनी तळे खाजगी असल्याचे सांगून न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आंबेडकरांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला. पण सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाच्या आधारे आजवर निवाडे होत आले, तो आम्हाला बंधनकारक नाही, असे सांगण्याचा तो उघड मार्ग होता. उरलेली लढाई न्यायालयात चालली. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली.

वाचक कोण, प्रेक्षक कोण?

स्वातंत्र्यानंतर वादांचा मुक्काम साहित्य आणि रंगभूमीवर हलला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयांत दोषी ठरलेले काकोडकर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाची कात्री चालली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात दाद मागून प्रयोगाचा हक्क मिळवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ आले. नाना फडणवीस आणि पुण्याचे ब्राह्मण यांची बदनामी झाल्याची ओरड झाली आणि प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवले. त्यावर ना कोर्टाची बंदी होती ना मंडळाची. नाटक थांबले ते घरातल्याच दबावाने. मग त्यातल्याच कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये युरोपात नेले.

रस्त्यावरचा निकाल

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. लोकशाहीत याहून मोठे व्यासपीठ नाही. तरी मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली आणि ठराव बासनात राहिला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तो मूळच्या नावापुढे नवे नाव जोडून. ठरावाच्या आणि नामविस्ताराच्या अशा दोन्ही वेळी मुख्यमंत्री शरद पवारच होते. सभागृहाने एका दिवसात घेतलेला निर्णय रस्त्याने साडेपंधरा वर्षे अडवून धरला.

५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून. हे पुस्तक संस्थेचे नव्हते. तिथल्या काही अभ्यासकांचे त्यात आभार मानले होते, इतकेच. पुस्तकावरची बंदी सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये टिकली नाही, पण संस्थेतली मोडतोड तोवर होऊन गेली होती.

या सगळ्या प्रवासाला सरळ प्रगतीची रेघ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पीठ गेले आणि न्यायालय आले, एवढे खरे. पण हल्ली न्यायालयाची वाट पाहण्याआधीच जमाव निकाल लावून मोकळा होतो. वाद होतात म्हणून समाज बिघडला, ही तक्रारही पोकळ आहे. १८७० च्या शास्त्रार्थाशिवाय किंवा रखमाबाईंच्या पत्रांशिवाय आजचा महाराष्ट्र झालाच नसता. वादाचा कस लावायचा तर एकच विचारावे : भांडणाऱ्याने कोणते व्यासपीठ मानले, आणि तिथे निकाल विरुद्ध गेला तर तो काय करणार? डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम आंबेडकरांच्या विरुद्ध होता आणि हजारो माणसे त्यांच्या शब्दाची वाट पाहत होती. त्यांनी हुकूम पाळला, अन्याय्य ग्रंथ जाहीरपणे नाकारला आणि दहा वर्षे खटला लढवला. ज्याची बाजू खरी आहे त्याला घाई करावी लागत नाही, असे मात्र यातून कोणी काढू नये. त्या दहा वर्षांची किंमत तहानलेल्यांनीच मोजली.