एक कोर की दोन? जुना संगणक सुधारताना

प्रोसेसरमधला कोर म्हणजे सूचना वाचून त्याप्रमाणे आकडेमोड करणारा स्वतंत्र विभाग. एक-कोर प्रोसेसरमध्ये हा विभाग एकच असतो. एकीकडे टायपिंग, दुसरीकडे छपाई आणि मागे अँटिव्हायरस अशी तीन कामे त्यावर एकदम चाललेली दिसतात, पण ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक कामाला सेकंदाचा बारीकसा तुकडा आळीपाळीने देत असते. ड्युअल-कोरमध्ये असे दोन विभाग असतात आणि दोन कामे खरोखरच एका वेळी होतात.

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई अशा गावांतली डीटीपीची दुकाने, आपले सरकार सेवा केंद्रे, संगणक वर्ग किंवा कृषी सेवा केंद्राचा हिशोब, यांपैकी जिथे जुना संगणक अजून टेबलावर आहे, तिथे प्रश्न व्यवहाराचा असतो: आहे त्यातच प्रोसेसर बदलावा, की जुन्या बाजारातून दोन कोरचा दुसरा संगणक घ्यावा?

दुसरा कोर आला तो उष्णतेमुळे. नोव्हेंबर 2000 मध्ये पेंटियम 4 बाजारात आला तेव्हा त्याची गती 1.4 ते 1.5 गिगाहर्ट्झ होती. 2004 अखेर ती 3.8 पर्यंत गेली. गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटी चिप थंड ठेवणेच अवघड झाले. इंटेलने 2004 मध्ये पुढच्या एक-कोर चिपचा ‘तेजस’ हा प्रकल्प रद्द केला आणि 2005 मध्ये दोन कोरचा पेंटियम डी आणला. त्याच वर्षी एएमडीचा अ‍ॅथलॉन 64 एक्स2 आला. जुलै 2006 मधल्या कोअर 2 ड्युओने मात्र खरा फरक पाडला. काम वाटून घेण्याची कल्पना त्याआधीची आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तयार झालेला परम 8000 हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र राबवूनच उभा राहिला होता.

दोन कोर म्हणजे दुप्पट वेग, हा समज चुकीचा आहे. 1.86 गिगाहर्ट्झचे दोन कोर मिळून 3.72 गिगाहर्ट्झ होत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या कोयत्यात एकजण ऊस तोडतो, दुसरा मोळी बांधतो; तोड थांबली तर मोळी बांधणाऱ्याचे हातही थांबतात. प्रोग्रामचेही तसेच आहे. ज्या कामाचे तुकडे पडतात, तेवढेच वाटून घेता येते. 100 सेकंदांच्या कामातले निम्मे वाटता आले, तर दोन कोरवर ते 75 सेकंदांत होते. नव्वद टक्के वाटता आले, तर 55 सेकंदांत. जीन अ‍ॅमडाल यांनी ही मर्यादा 1967 मध्येच दाखवून दिली होती.

म्हणून आधी काम पाहावे. लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन करून अंतिम व्हिडिओ तयार करणे हे वाटून घेता येणारे काम आहे. तिथे दुसऱ्या कोरचा लाभ सर्वात जास्त. सेवा केंद्रात ब्राउझरच्या खिडक्या उघड्या असतात, स्कॅनर चालू असतो, एक दाखला छापला जात असतो आणि दुसऱ्याची पीडीएफ अपलोड होत असते. एक-कोर संगणक इथे मध्येच गोठतो, आणि खोळंबा होतो तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. याउलट नुसते मराठी टायपिंग किंवा एकाच पॅकेजमधले खतावणीचे काम असेल, तर दुसरा कोर बराच वेळ रिकामाच बसतो.

तरीही चांगल्या ड्युअल-कोरची गिगाहर्ट्झ कमी दिसतात म्हणून तो नाकारणे चूक ठरते. कोअर 2 ड्युओचा प्रत्येक कोर घड्याळाच्या (क्लॉकच्या) एका ठोक्यात पेंटियम 4 पेक्षा पुष्कळ जास्त काम उरकतो. त्यामुळे 1.86 गिगाहर्ट्झचा कोअर 2 ड्युओ बहुतेक कामांत 3 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 ला एका कोरवरही मागे टाकतो. तापही कमी: नंतरच्या बऱ्याच पेंटियम 4 मॉडेलांची उष्णता 84 ते 115 वॅटच्या घरात होती, सुरुवातीच्या कोअर 2 ड्युओची 65 वॅट. पेंटियम डी दोन कोरचा असला तरी 95 ते 130 वॅटचा आहे, म्हणून तो टाळलेला बरा. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या दुकानात, धुळीने बुजलेल्या पंख्याखाली तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो, आणि मालकाला वाटते की संगणक म्हातारा झाला. कधीकधी धूळ काढून थर्मल पेस्ट नव्याने लावली तरी तो पूर्ववत चालतो. वीज गेल्यावर कमी वॅटचा संगणक यूपीएसवर जास्त टिकतो, हाही फायदा आहेच.

जुन्या बाजारात नावे फसवतात. पेंटियम डी दोन कोरचा, पण सेलेरॉन डी एकाच कोरचा. हायपर-थ्रेडिंग असलेला पेंटियम 4 टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख दाखवतो, प्रत्यक्षात कोर एकच. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवला की कोर आणि थ्रेड (सिस्टीमला दिसणारे कोर) यांचे आकडे वेगवेगळे दिसतात; पैसे देण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

जुन्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवायचा असेल, तर खाच जुळणे पुरेसे नाही. एलजीए 775 ही एकच खाच पेंटियम 4, पेंटियम डी आणि कोअर 2 ड्युओ या तिघांनाही होती. पण 865 किंवा 915 चिपसेटचे बरेचसे बोर्ड दोन कोर स्वीकारत नाहीत, आणि 945 च्या सुरुवातीच्या अनेक बोर्डांवर कोअर 2 ड्युओ चालत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. कधी त्यासाठी बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम, नव्याने भरावा लागतो. तो भरताना मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याचा धोका असतो. परळीला औष्णिक वीज केंद्र असूनही भारनियमन सोसलेल्या या जिल्ह्यात हे काम यूपीएसशिवाय करूच नये.

प्रोसेसरच्या आधी मेमरी तपासावी. रॅम 512 एमबी असेल तर माहिती सतत हार्ड डिस्कवर ठेवावी आणि परत आणावी लागते. त्या वेळी दोन्ही कोर वाटच पाहत राहतात. ड्युअल-कोर संगणक आधीच असेल, तर रॅम वाढवणे आणि साटा जोडणी असल्यास एसएसडी बसवणे, यांत घातलेला पैसा जास्त कामी येतो.

आणखी एक गोष्ट आता निर्णायक आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला किमान दोन कोर आणि 4 जीबी रॅम तर लागतेच, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा आणि मंजूर यादीतला बराच नवा प्रोसेसरही लागतो. कोअर 2 ड्युओ त्या यादीत नाही. म्हणजे एक-कोर बोर्डावर पैसा घालून हाती येणारा संगणक हलक्या लिनक्सपुरताच उरतो. शिकणाऱ्या मुलांच्या टायपिंगच्या सरावाला तो चालेल. पण जिथे लोकांचे आधार क्रमांक, उत्पन्नाचे दाखले आणि बँक खात्यांचे तपशील हाताळले जातात, तिथे एक-कोर संगणक सुधारत बसू नये. विंडोज 11 अधिकृतपणे चालणारा, निदान चार कोरचा वापरलेला संगणक घ्यावा आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.