घाम गाळूनही गरीब का?

मुलांनो, माणसं गरीब का असतात? हा प्रश्न वर्गात विचारला, की भराभर हात वर होतात. 'बाई, ती माणसं आळशी असतात.' 'ती शिकत नाहीत.' 'त्यांचं नशीबच तसं!' यातली बरीच उत्तरं मुलांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात. पण गणिताचं उत्तर आलं, की आपण ताळा करून पाहतो ना? मग आज या उत्तरांचाही ताळा करून पाहू या.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

तुमच्या चहात जी साखर पडते, तिचा ऊस कोण तोडतं? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली लाखो माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप लावतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लहान मुलं घेऊन ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पार मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोपीत. थंडीत, अंधारातच कामाला सुरुवात होते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. या दोघांना मिळून म्हणतात 'एक कोयता'. माणसं दोन, पण हिशेबात कोयता एकच! आजारी पडून एक दिवस काम चुकलं, तर तो 'खाडा'. खाड्याचे पैसे कापले जातात.

आता सांगा, ही माणसं आळशी आहेत का?

मग ती गरीब का? पहिलं कारण पाणी. त्यांची गावं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. जमीन असली तरी थोडी आणि कोरडवाहू. पावसाळी पीक निघालं, की पुढे गावात काम नाही.

दुसरं कारण उचल. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. कुणाला घराचं छप्पर घालायचं असतं, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचा दवाखाना. समजा, एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली. हंगामात खाण्यापिण्याला आणखी वीस हजार घेतले. एकूण झाले एक लाख वीस हजार. आणि सहा महिन्यांत काम झालं एक लाख दहा हजारांचं. म्हणजे राबराब राबून दहा हजार अंगावर! ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तोच फड.

तिसरं कारण आपल्या वर्गातच दिसतं. दिवाळीची सुट्टी संपते आणि काही बाकं रिकामीच राहतात. आई-बापाबरोबर गेलेलं मूल सहा महिन्यांनी परत येतं. तोवर वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकावर पोचलेला असतो. असं दोन-तीन वर्षं झालं, की मूल शाळेला कंटाळतं आणि पुढे त्याच्याही हातात कोयता येतो. म्हणजे 'ती शिकत नाहीत म्हणून गरीब' हे उत्तर अर्धंच आहे. गरीब आहेत म्हणून शिकता येत नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग!

सुप्याची होळी

कर्जाची ही गोष्ट आजची नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सरकारचा शेतसारा मात्र रोख भरावाच लागे. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. वाचता येत नसल्याने कागदावर काय लिहिलंय हे न कळताच तो अंगठा उठवायचा.

शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. कर्जाचे कागद ताब्यात घेऊन त्यांनी ते जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पण त्याआधीच, १८७६ ते १८७८ मध्ये, मोठा दुष्काळ पडून गेला होता. कर्जाने पिचलेल्यांच्या घरात वाईट दिवसांसाठी राखून ठेवलेलं काय असणार?

गरिबी मोजतात कशी?

ताप मोजायला थर्मामीटर असतो. गरिबी मोजायला काय? याच काळात दादाभाई नौरोजींनी युक्ती काढली. तुरुंगातल्या कैद्याला जगवायला किती खर्च येतो, ते त्यांनी पाहिलं आणि देशातल्या माणशी उत्पन्नाशी ताडलं. वर्षाला माणशी उत्पन्न होतं साधारण २० रुपये. म्हणजे कैद्यासारखं अन्न-वस्त्रसुद्धा सगळ्यांना पुरेल एवढं देशात नव्हतं! देशाचा पैसा इंग्लंडला वाहून जातो, हे त्याचं कारण त्यांनी जगापुढे मांडलं.

पुढे १९७१ साली पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी वेगळा हिशेब मांडला. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न परवडायला हवं, असं त्यांनी धरलं. तेव्हा दिसलं, की १९६०-६१ मध्ये खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं तेवढाही खर्च करू शकत नव्हती.

आता नुसतं पोट मोजून भागत नाही. नीती आयोगाने २०२३ साली दिलेल्या अहवालात पोषण, शाळा, पिण्याचं पाणी, शौचालय, वीज, घर अशा बारा गोष्टी पाहिल्या. त्या मापाने २०१५-१६ मध्ये देशातले जवळजवळ २५ टक्के लोक गरीब होते. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. खेड्यांत मात्र ते १९ टक्के होतं आणि शहरांत ५ टक्के. म्हणजे कुणाचा जन्म कुठे होतो, यावरही बरंच अवलंबून!

नशीब की व्यवस्था?

पंधरा टक्क्यांवर आलं, याचाच अर्थ गरिबी हटू शकते. नशीब असतं तर ती हटली असती का?

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव कामं काढली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं रस्ते, तलाव, बांध यांवर काम करत होती. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. काम मागायला एवढी माणसं उन्हातान्हात रांगेत उभी राहिली, ती आळशी होती का?

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीही फडाजवळ साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली. जिथे ती नीट चालतात, तिथे मूल आजीजवळ गावात राहतं, शाळेत टिकतं. आणि मूल टिकलं, की उचलीची साखळी तुटायला सुरुवात होते.

पालकहो, पुढच्या वेळी मुलाने हा प्रश्न विचारला, तर 'आळशी असतात' एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. पाणी, जमीन, कर्ज आणि शाळा या चार गोष्टींबद्दल त्याच्याशी बोला. आणि मुलांनो, तुमच्या शेजारचं बाक दिवाळीनंतर रिकामं झालं, तर एक करा. झालेला अभ्यास एका वहीत त्याच्यासाठी उतरवून ठेवा. एप्रिलमध्ये ते मूल परत आलं, की ती वही त्याच्या हातात द्या.