काळ्या पाषाणाखालचा देश आणि हट्टीची शीर

बीड जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण. सुरुंगामागून सुरुंग लावले तरी तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. त्यांत सोन्याच्या शिरा नाहीत, पण ते नुसतं झाकण आहे. 1993 च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर बेसाल्ट संपला आणि गाळाच्या पातळ थराखाली कित्येक पटींनी जुना, पट्टेदार नाईस खडक लागला.

त्याच जुन्या खडकांचा देश कृष्णेपलीकडे उघडा पडतो. तिथे, रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यात, हट्टीची सोन्याची खाण आहे. बीड आणि रायचूर 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे, आणि 1947 मध्ये खाणीसाठी स्थापन झालेल्या कंपनीचं नावही हैदराबाद गोल्ड माइन्स असंच होतं. मराठवाड्याला हट्टी परकी वाटायचं कारण नाही.

हट्टीचा खडकही मुळात लाव्हाच, पण 250 कोटी वर्षांहून जुना, दाबाने आणि उष्णतेने पालटलेला. त्यात काही अरुंद, जवळपास उभे पट्टे आहेत. तिथे दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकले आणि मधला खडक चिरडून पानापानांचा झाला. हाच शिअर झोन. सोनं इथेच का, याचं उत्तर मला भूगर्भशास्त्रातल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी एक वाटतं.

खोलवरून वर येणाऱ्या तप्त पाण्यात सोनं गंधकाचा हात धरून विरघळलेलं असतं. वाट बुजलेली असेतो पाण्याचा दाब चढत राहतो. मग खडक सरकतो, जमीन हादरते, भेग उघडते. दाब एकदम उतरतो आणि पाण्यातली गारगोटी भेगेत साकळते. कडेच्या खडकातलं लोह गंधक ओढून घेतं, त्याचा पायराइट बनतो, आणि आधार सुटलेलं सोनं जागच्या जागी बसतं. भेग बुजते, दाब पुन्हा चढू लागतो. असं शेकडो वेळा. गारगोटीच्या शिरेतला एकेक पातळ पापुद्रा म्हणजे कधीकाळी उघडून बुजलेली एकेक फट.

एवढं होऊनही टनामागे सोनं काही ग्रॅमच. एका तोळ्यासाठी काही टन दगड वर काढून दळावा लागतो.

तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसं या शिरांमागे सहाशे फुटांहून खाली उतरली होती. सुरुंगाची दारू नव्हती. लाकडं पेटवून खडक तापवायचा, त्यावर पाणी ओतून तो तडकवायचा आणि तुकडे वर न्यायचे. त्या काळोखात, धुरात आणि उष्म्यात राबलेल्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत.

नाव सापडलं ते राजाचं. याच पट्ट्यातल्या मस्कीला 1915 मध्ये सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला ब्राह्मी लेख असलेला खडक दिसला. तोवर माहीत असलेल्या आज्ञालेखांत राजा स्वतःला ‘देवानांपिय’, ‘पियदसि’ एवढंच म्हणवत होता. मस्कीच्या दगडावर ‘देवानांपिय’पुढे ‘अशोक’ हे नाव होतं.