थेंबांचे गणित, जिवाशी गाठ

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटलेल्या रुग्णांना मग सलाईन लावावे लागते. त्याचा वेग मात्र अंदाजाने ठरत नाही. मिलिलिटरमधील द्रवाला संचाच्या प्रतिमिलिलिटर थेंबांनी गुणून एकूण मिनिटांनी भागावे, हे त्याचे सूत्र. २० थेंबांच्या संचातून ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यायचा, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावेत. ६० थेंबांच्या सूक्ष्म संचातून तेच थेंब १२५ होतात. म्हणून पाकिटावरील आकडा आधी पाहिला जातो. बाटली लवकर संपावी, या घाईने नातेवाइकांनी नळीचे चाक सैल केले, तर वृद्ध वा हृदयरुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साचून प्राणावर बेतू शकते. त्या चाकाला हात परिचारिकेनेच लावावा.