बाजारहाटाचा हिशेब चुकू लागला, तर...

सिल्लोडच्या मिरची बाजारात भाव, वजन आणि उधारी तोंडपाठ असलेले जुने शेतकरी आजही भेटतात. शाळेची पायरी न चढलेल्या पिढीची स्मरणशक्ती अशा रोजच्या व्यवहारातच कळते. ती ढासळू लागली, तर पहिली खूणही तिथेच दिसते. पण घरात ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय सोडून दिला जातो.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे वयोमानाने होते. मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा घोळ होणे, पायाखालच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेला स्वयंपाक जमेनासा होणे, ही लक्षणे वेगळी. ती दिसली तर डॉक्टरांना दाखवावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले.

विसरण्यामागे प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो असे नाही. ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते. उपचाराने त्यात बरीच सुधारणा होऊ शकते. म्हणून आधी रक्ततपासणी महत्त्वाची.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. आयुष्यभर त्यांची काळजी घेतली, तर जगभरातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, तंबाखूची बिडी-सिगारेट आणि दारू सोडणे, रोज चालणे, दुचाकीवर हेल्मेट घालणे ही कामे चाळिशीपासूनच सुरू करावीत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे, मोतीबिंदू अंगावर काढू नये. पारावरच्या गप्पा आणि भजनी मंडळही उपयोगाचे; एकटेपणाचाही या यादीत समावेश आहे.

सुरुवातीची तपासणी सिल्लोडच्या सरकारी रुग्णालयात करावी. पुढे गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात आणि घरातल्या कोणीतरी बरोबर जावे. बदल कधीपासून झाला, हे अनेकदा रुग्णाला नाही, घरच्यांनाच सांगता येते.