भिलाईच्या गच्चीवरून तेजोमेघ

डिसेंबरच्या मध्यावर रात्री बाराच्या सुमारास मृग नक्षत्र भिलाईच्या आकाशात क्षितिजापासून साठ अंशांहून वर आलेलं असतं. लंडनच्या हौशी निरीक्षकाला मृगातला मोठा तेजोमेघ जास्तीत जास्त ३३ अंशांच्या आसपास मिळतो. तारा जितका वर, तितकी त्याच्या प्रकाशाच्या वाटेतली हवा कमी. २१ अंश अक्षांशावरच्या गावाला हे दान आपसूक पदरात पडलेलं आहे.

पण अडचणीही इथल्याच आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून पोलाद कारखाना रात्रंदिवस चालतो. टाउनशिपचे रस्ते रात्रभर उजळलेले असतात. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, त्यामुळे धूर आणि धूळ वर न जाता गावावरच कोंडतात आणि दिव्यांचा उजेड त्यांच्यावरून परत फिरतो. अशा आकाशातून अंधुक तेजोमेघांचे फोटो निघतात का? निघतात. त्यात थंडीचा वाटा नेमका कुठे आणि किती, हे समजून घेतलं की पुढची सगळी खटपट सोपी होते.

प्रकाश येतो कुठून?

मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला एम ४२ हा मोठा तेजोमेघ आहे, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या पोटातल्या तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत येऊन पायरी-पायरीने खाली उतरतात. तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. त्यालाच हायड्रोजन-अल्फा म्हणतात. बाणातल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याजवळचा अश्वमुख तेजोमेघ म्हणजे याच तांबड्या पडद्यापुढे आलेला धुळीचा काळा ढग.

आपला डोळा हा प्रकाश साठवू शकत नाही. सेकंदाच्या अंशभागात आलेलं चित्र मेंदूकडे पाठवून तो मोकळा होतो. फोटोची काच मात्र तासभर प्रकाश गोळा करत राहते. अमेरिकेच्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी सुमारे पन्नास मिनिटांचं एक्स्पोजर देऊन मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. १८८८ मध्ये हार्वर्डच्या अशाच एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना अश्वमुख सापडला. म्हणजे त्याचा शोधच मुळी फोटोतून लागला.

फिल्टर लावला की थंडीचं मोल कळतं

तेजोमेघाचा प्रकाश एका अरुंद पट्ट्यात येतो आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. शहरातून फोटो काढणाऱ्याची सारी भिस्त या फरकावर आहे. फक्त ७ नॅनोमीटर रुंदीचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावला, की साधारण ३०० नॅनोमीटर रुंद दृश्य वर्णपटातला ढोबळमानाने चाळिसावा हिस्साच आत येतो. तेजोमेघाचा तांबडा प्रकाश मात्र जवळपास सगळाच्या सगळा येतो. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरपुढे असा एक थर असतो, जो नेमका हा तांबडा प्रकाश बराचसा अडवतो. म्हणून या कामासाठी तो थर काढून घेतलेला कॅमेरा किंवा खास खगोलछायाचित्रणाचा कॅमेरा वापरतात.

आता थंडीकडे वळू. अंधारात ठेवलेल्या सेन्सरमध्येही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि प्रकाश पडल्यासारखी नोंद होते. हा प्रवाह ढोबळमानाने दर ६ अंशांना दुप्पट होतो. सेन्सर ३० अंशांवर असताना जेवढा प्रवाह असेल, त्याच्या आठवा हिस्सा १२ अंशांवर उरतो. विजेवर चालणारं शीतक असलेला कॅमेरा सेन्सरला भोवतालच्या हवेपेक्षा तीस-पस्तीस अंश खाली नेतो. भिलाईत १२ अंशांच्या रात्री त्याला उणे १० सहज गाठता येतं आणि प्रवाह आणखी बारा-तेरा पटींनी घटतो. मे महिन्यातल्या रात्री तोच कॅमेरा पूर्ण ताकद लावूनही उणे १० ला पोचत नाही.

फिल्टर नसेल, तर भिलाईच्या उजळ आकाशापुढे सेन्सरची ही उष्णता नगण्य ठरते. फिल्टरने आकाश काळं केलं की मग ती उघडी पडते. म्हणून शहरातल्या माणसाने आधी फिल्टर मिळवावा, मग थंडीचा हिशेब करावा. उणे १० च्या पुढे सेन्सर आणखी गार केल्याने सहसा फारसा फरक पडत नाही. डिसेंबर-जानेवारीची इथली बोचरी थंडी या कामाला पुरेशी आहे.

पाच मिनिटं स्थिर राहायचं कसं?

पृथ्वीच्या फिरण्यामुळे मृग सेकंदाला १५ विकला (आर्कसेकंद) सरकतं. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला, तर एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे दोन विकला व्यापतो. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली, तर तारा सेकंदाच्या साधारण आठव्या भागात पिक्सेल ओलांडून जातो. पाच मिनिटांत तो सव्वा अंश, म्हणजे चंद्राच्या अडीच बिंबांएवढा सरकतो. यावर उपाय म्हणजे विषुववृत्तीय माउंट. त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा आणि मोटरने तो २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवायचा.

भिलाईत आकाशाचा ध्रुव क्षितिजापासून फक्त २१ अंश वर आहे. त्यामुळे गच्चीची उत्तर बाजू मोकळी हवी. शेजारची पाण्याची टाकी किंवा आंब्याचं झाडही ध्रुवतारा झाकायला पुरतं. ध्रुवताराही ठीक ध्रुवावर नाही, चंद्रबिंबाच्या रुंदीहून किंचित जास्त अंतरावर आहे. हे अंतर लक्षात घेऊनच अक्ष जुळवावा लागतो. उरलेली चूक गायडिंगने सुधारते: एक छोटा कॅमेरा सतत एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा हलला की माउंटला सूचना देतो.

फोकस आणि दव

संध्याकाळी २२ अंश असलेलं तापमान पहाटे १२ पर्यंत उतरलं, तर ४०० मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी सुमारे ०.०९ मिलिमीटर आखडते. एफ/५ च्या दुर्बिणीत फोकसची मुभा जवळपास एवढीच असते. म्हणून दर तासा-दीड तासाने फोकस तपासावाच लागतो. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव मास्क (खाचा पाडलेलं झाकण) ठेवून ठळक तारा पाहिला, की फुलीसारख्या दोन रेषा आणि त्यांच्यामधून जाणारी तिसरी रेषा दिसते. तिसरी रेषा एका बाजूला झुकलेली असेल तर फोकस हुकलेला असतो. केसभर फिरवत ती बरोबर मधोमध आणायची, मास्क काढायचा आणि पुढची फ्रेम सुरू करायची.

दवाचा त्रास याहून जास्त. निरभ्र रात्री पुढची काच आपली उष्णता आकाशात सोडत राहते आणि हवेपेक्षाही गार होते. मग फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं तिच्यावर पाणी सुटतं. सुरुवातीला ताऱ्यांभोवती फक्त मऊ वलयं दिसतात. ती लक्षात आली नाहीत तर तासाभराच्या फ्रेम वाया जातात. काचेपुढे लांब नळकांडं आणि काचेच्या कडेभोवती काही वॉटची तापपट्टी, एवढ्याने काम भागतं. काच दवबिंदूच्या जरा वर राहील इतकीच ऊब द्यावी. जास्त दिली तर काचेपुढची हवा थरथरते.

खऱ्या कडाक्याच्या थंडीची कसोटी लडाखमध्ये हानले इथे लागते. सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे, २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. तिथे आकाश कोरडं आणि काळं असतं, पण बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते, केबल ताठ होतात, माउंटमधलं ग्रीस घट्ट होतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते. काम संपल्यावर कॅमेरा हवाबंद पिशवीत घालूनच उबदार खोलीत न्यावा, नाहीतर आत-बाहेर पाणी साचतं. ही शेवटची सवय भिलाईतही अंगी बाणवावी.

एक फ्रेम पुरत नाही

पाच मिनिटांची एक फ्रेम पडद्यावर पाहिली तर निराशा होते: करडी पार्श्वभूमी, काही तारे आणि मधे असल्या-नसल्यासारखा डाग. अशा ६० फ्रेम, म्हणजे पाच तासांचा प्रकाश, संगणकात एकावर एक जुळवून सरासरी काढायची. याला स्टॅकिंग म्हणतात. तेजोमेघाची नोंद प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते, नॉइज, म्हणजे नोंदीतली खरखर, मात्र दर वेळी वेगळा असतो. त्यामुळे स्पष्टता फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते: ६० फ्रेमना पावणेआठ पट. ती आणखी दुप्पट करायची तर २४० फ्रेम हव्यात.

सोबत दोन प्रकारच्या फ्रेम लागतात. झाकण लावून, त्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळाच्या ‘डार्क’ घेतल्या की सेन्सरच्या उष्णतेचा ठरावीक ठसा वजा होतो. शीतक असलेल्या कॅमेऱ्यासाठी त्या एकदा घेऊन बरेच दिवस वापरता येतात. साध्या कॅमेऱ्यासाठी त्याच रात्री घ्याव्या लागतात, कारण सेन्सरचं तापमान हवेबरोबर बदलतं. एकसारख्या उजेडात घेतलेल्या ‘फ्लॅट’ फ्रेमने धुळीचे ठिपके आणि कडेचा काळोख जातो.

गच्चीवरून मृगातले तांबडे तेजोमेघ, एकशृंगीतला रोझेट आणि ययातीतला कॅलिफोर्निया तेजोमेघ साधतात. कृत्तिकांभोवतीचा निळा मेघ मात्र शहरातून नीट साधत नाही. तो धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचाच प्रकाश आहे, सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे फिल्टर तिथे मदतीला येत नाही. त्यासाठी काळोखच गाठावा लागतो. कवर्ध्यापुढे मैकल डोंगररांगेत चिल्फी घाट आहे, जिथे थंडीच्या लाटेत दहिवर गोठतं. नागपूरच्या पलीकडे महाराष्ट्राचा पेंच व्याघ्रप्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

पण गावातला काळोखही थोडा परत मिळवता येतो, आणि तोही हिशेबात मांडता येतो. आकाश दुप्पट उजळ झालं, तर तेवढ्याच स्पष्टतेसाठी एक्स्पोजर दुप्पट द्यावं लागतं. उलटही खरं आहे. टाउनशिपमधल्या दिव्यांना वरून टोपी बसवून उजेड फक्त रस्त्यावर पाडला आणि आकाशात जाणारा झोत निम्म्याने कमी झाला, तर आज पाच तासांत येणारा तेजोमेघ अडीच तासांत येईल. एवढी बचत कोणताही महागडा कॅमेरा सहजासहजी करून देत नाही, आणि ती गावातल्या प्रत्येक गच्चीला एकाच वेळी मिळते.