जुने सीडी डेक, लॅपटॉप आणि टाइमकोड

बडोद्याच्या एका मराठी मंडळातून प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे डीजे वापरतात तसे दोन सीडी डेक आणि एक मिक्सर पडून आहे. गाणी आता सगळी लॅपटॉपमध्ये. गणपतीतल्या कार्यक्रमात माउसने गाणं लावायला जावं तर मुलं मंचावर उभी आणि गाणं सुरूच होत नाही. कधी भलतंच सुरू होतं. डेक भंगारात द्यावेत का, असं ते विचारतात.

देऊ नका. त्याच डेकवर हात ठेवून लॅपटॉपमधली गाणी नेमक्या क्षणी सुरू करता येतात, थांबवता येतात, मागेपुढे सरकवता येतात. या पद्धतीला टाइमकोड म्हणतात. जोडणी अवघड नाही, पण तत्त्व कळलं नाही तर माणूस रात्रभर केबल बदलत बसतो. म्हणून आधी तत्त्व.

डेकमध्ये जी सीडी घालायची, तिच्यावर गाणं नसतं. तिच्यावर एक अखंड सूर असतो. सेराटो कंपनीच्या नियंत्रण सीडीवर तो सेकंदाला १,००० कंपनांचा आहे. ऐकला तर नुसती शिट्टी. तुम्ही डेकचा वेग ८ टक्के वाढवलात की लॅपटॉपला १,०८० कंपनं ऐकू येतात आणि तो गाण्याचा वेग तेवढाच वाढवतो. डेक थांबला, सूर थांबला, गाणं थांबलं. दिशा कशी कळते? डाव्या आणि उजव्या वाहिनीत सूर एकच, पण एक दुसऱ्यापेक्षा पाव लहर पुढे. चकती उलटी फिरवली की पुढचा मागे पडतो. शिवाय लहरींची उंची किंचित कमीजास्त करून त्यात शून्य-एकच्या भाषेत जागेचा आकडा लिहिलेला असतो. वीसेक लहरी वाचल्या की सॉफ्टवेअरला आपण सीडीवर कुठे आहोत ते कळतं. बिनतारी संदेशाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं: वाहक लहर एक, तिच्यावर निरोप तीन.

ही कल्पना आली तबकड्यांवरून. या शतकाच्या सुरुवातीला फायनल स्क्रॅच नावाची प्रणाली आली, २००४ मध्ये सेराटोची स्क्रॅच लाइव्ह. दरम्यान २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला होता. त्याच्या वरच्या चकतीने सीडी तबकडीसारखी हलवता येऊ लागली, आणि तोच सूर सीडीवरूनही चालला. लाकडी मंचावर तर सीडीच बरी. मुलं नाचू लागली की तबकडीवरची सुई उडते; सीडीत सुईच नाही.

आता साहित्य. सॉफ्टवेअर म्हणून मी मिक्स सुचवतो, इंग्रजीत शेवटी तीन एक्स लिहितात ते. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सेराटोच्या नियंत्रण सीडीचा सूर त्याला वाचता येतो. खर्च आहे तो साउंड कार्डाचा. लॅपटॉपचं माइकचं भोक इथे उपयोगाचं नाही. दोन डेकचे दोन स्टिरिओ संकेत आत, दोन गाणी बाहेर, म्हणजे चार इनपुट आणि चार आउटपुटचं यूएसबी कार्ड हवं.

नियंत्रण सीडी सेराटोच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. ती साध्या ऑडिओ सीडीच्या रूपातच लिहा, कमी वेगाने, आणि तीनचार प्रती करून ठेवा. एमपी३ करून लिहू नका. एमपी३ कानाला न जाणवणारे बारकावे टाकून देतं, आणि आपला निरोप नेमका त्या बारकाव्यांत आहे.

जोडणी अशी. पहिल्या डेकच्या लाइन आउटमधून आरसीए केबल कार्डाच्या इनपुट १-२ मध्ये, दुसऱ्याची ३-४ मध्ये. कार्डाचं आउटपुट १-२ मिक्सरच्या पहिल्या चॅनेलला, ३-४ दुसऱ्याला. डेकची केबल थेट मिक्सरला लावली तर सभागृहाला शिट्टी ऐकू येईल. सॉफ्टवेअरच्या साउंड हार्डवेअर पानावर हीच मांडणी भरायची: व्हायनल कंट्रोल १ आणि २ इनपुटला, डेक १ आणि २ आउटपुटला. मग व्हायनल कंट्रोलच्या पानावर सीडीचा प्रकार निवडायचा. पातळी लाइनची ठेवा. फोनो ही तबकडीच्या सुईसाठी असते.

त्या पानावर प्रत्येक डेकचं एक वर्तुळ दिसतं. ते गोल आणि स्थिर हवं. चपटं झालं तर दोन वाहिन्यांची पातळी सारखी नाही. नुसती रेघ दिसली तर बहुधा एक वाहिनी तुटली आहे, आणि मग दिशा कळणारच नाही. गाणं उलटं वाजत असेल तर लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल झाली आहे. वर्तुळ थरथरत असेल तर घुरघुर आत शिरते आहे. अशा वेळी आपल्याकडे प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा प्रकार सर्रास चालतो. घुरघुर जाते आणि मंचावरच्या माणसाला झटका बसायची सोय होते. ते अजिबात करू नका. लॅपटॉप, डेक, मिक्सर एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या आणि संकेताच्या तारा विजेच्या तारांपासून लांब ठेवा.

डेकवरची दोन बटणं बघायची. चकती व्हायनल मोडमध्ये हवी. दुसऱ्या मोडमध्ये थांबवल्यावर डेक सीडीचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजवत राहतो आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. आणि मास्टर टेम्पो बंद. हे बटण वेग बदलला तरी सुराची पट्टी तीच ठेवतं. एरवी सोयीचं, पण इथे सूर १,००० वरच राहिला तर लॅपटॉपला वेग बदलल्याचं कळणार कसं? गाण्याची पट्टी सांभाळायची असेल तर ती सोय सॉफ्टवेअरमध्ये कीलॉक नावाने आहे, ती वापरा.

पहिली चाचणी ॲब्सोल्यूट पद्धतीत घ्या. सीडी दोन मिनिटांवर नेली की गाणंही दोन मिनिटांवर जातं, त्यामुळे निरोप पोहोचतो आहे की नाही ते लगेच कळतं. कार्यक्रमात मात्र रिलेटिव्ह बरी. तिच्यात फक्त वेग आणि दिशा वाचली जाते, त्यामुळे सीडीवर ओरखडा असला तरी गाणं भलतीकडे उडी मारत नाही.

बफर किती ठेवायचा हा प्रश्न हमखास येतो. १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद उशीर, २५६ म्हणजे सुमारे ६. स्क्रॅच करणाऱ्याला २३ जाणवतात. नुसती गाणी लावणाऱ्याने हट्ट धरू नये. जुना लॅपटॉप लहान बफरवर कटकट आवाज करू लागतो. वाय-फाय आणि झोपेची सेटिंग बंद, चार्जर लावलेला, आणि नव्या आवृत्तीचा मोह कार्यक्रमाच्या आठवड्यात नको.

मिक्सरच्या तिसऱ्या चॅनेलला एक फोन जोडून ठेवा, त्यात त्या दिवसाची सगळी गाणी क्रमाने. लॅपटॉप अडला तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत टाइमकोडचे दोन्ही डेक निरुपयोगी असतात, आणि मंचावरची आठ वर्षांची मुलगी तेवढा वेळ हात वर करून उभी राहणार नाही. तालमीच्या दिवशी लॅपटॉपची यूएसबी मुद्दाम एकदा उपटा आणि तुमच्या मुलांना फोनवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा.